बर्फ चालेल, थंडी नको

आयुष्यात एकच मोठी निवड मी एकट्याने केली आणि ती साफ चुकली. बायकोच्या हिशेबाने अशा चुका दोन आहेत, पण लग्न घरच्यांनी ठरवलं होतं, त्यामुळे त्याचा दोष मी घेत नाही. मी बोलतोय ते सहलीबद्दल. स्कीइंगची सहल, आणि तीही भरपूर ऊन असलेल्या उबदार देशात. हे वाचून कुणाला हसू येत असेल, तर त्याने आधी आमच्या डॉक्टरांना हसावं. सुरुवात त्यांनी केली.

माझे वडील पस्तीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात होते. मिठाच्या पाण्याचा मोठा हौद, त्यात बुडवलेले पत्र्याचे उंच डबे, त्या डब्यांत गोठणाऱ्या लाद्या आणि या सगळ्यावर अमोनियाचा वास, असं त्यांचं जग होतं. लादी बाहेर आली की बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक करायचे आणि ती आतून भरली आहे की पोकळ, हे आवाजावरून सांगायचे. गावातली मासळी आणि इस्पितळातली मढी दोन्ही बाबांच्या भरवशावर टिकायची. मी पुढे पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारी नोंदवून घेण्याच्या टेबलावर चिकटलो. म्हणजे आमच्या घराण्याचा संबंध पिढ्यान्‌पिढ्या पाण्याशीच; बाबांनी ते गोठवलं आणि मी ते का येत नाही याची उत्तरं दिली.

बाबा कधी काही मागत नसत. चहासुद्धा "झाला असेल तर द्या" असा मागायचे. त्यामुळे निवृत्तीच्या दिवशी कुणीतरी "आता पुढे काय?" असं विचारल्यावर ते जे बोलले, ते आमच्यापैकी कुणालाच अपेक्षित नव्हतं. ते म्हणाले, "कुणी न बनवलेला बर्फ एकदा बघायचाय." मग बोलून चूक झाल्यासारखे हातातल्या नारळाकडे बघत बसले. मी त्याच क्षणी ठरवलं की हे करायचंच.

ठरवायला काय लागतं? बाबांची छाती पस्तीस वर्षांच्या गारठ्याने आणि अमोनियाने पार खिळखिळी झाली होती. डॉक्टरांनी तिला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "बर्फ बघायला माझी हरकत नाही. थंडीत मात्र न्यायचं नाही." मी नम्रपणे विचारलं की या दोन गोष्टी एका ठिकाणी कशा मिळतील. "ते तुम्ही बघा," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटा वाजवली. औषधाच्या चिठ्ठीवर मात्र त्यांनी खरंच तसं लिहून दिलं होतं: बर्फ चालेल, थंडी नको. ती चिठ्ठी घेऊन मी दोन महिने वणवण फिरलो.

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहायचे. वेधशाळेतून निवृत्त झाले होते म्हणून सगळी गल्ली त्यांना 'हवामान' म्हणायची. त्यांचा अंदाज उलटा वाचायचा, अशी गल्लीत पद्धत होती. ते म्हणाले आज कोरडं, की बायका दोरीवरचे कपडे काढून घ्यायच्या. एवढा भरवशाचा माणूस शेजारी असताना दुसरीकडे कशाला जायचं, म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं की बर्फ म्हणजे थंडी हा अडाणी लोकांचा समज आहे. उंचावर ऊन पडतं, बर्फही पडतो, दोघं एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. तुम्ही बेलाशक उन्हाचा देश निवडा. हा अंदाज मी उलटा वाचायला हवा होता. पण तो मला हवा होता तसाच होता, त्यामुळे मी सरळ वाचला.

सहली विकणाऱ्या बाईंनी पहिल्यांदा मला जे देश दाखवले, तिथे माणसांच्या मिशांवर बर्फ जमलेला होता. मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. बाईंनी ती दोनदा वाचली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मला चहा मागवला. चार फेऱ्यांनंतर त्यांनी अगदी खालच्या खणातून एक माहितीपत्रक काढलं. खाली संत्र्यांच्या बागा, मागे पांढराशुभ्र डोंगर आणि त्या डोंगरावरून अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत हसत घसरत येणारी एक बाई. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: वर्षातले तीनशे दिवस ऊन. अट एकच होती. ही सहल स्कीइंगची होती, त्यामुळे बर्फ नुसता बघता येणार नव्हता. घरातल्या दोघांनी तरी शिकवणीला नाव घालायला हवं होतं. मी माझं आणि बायकोचं नाव घालून टाकलं.

बायको भूगोल शिकवते. तिने माहितीपत्रक हातात घेतलं आणि विचारलं, "तीनशे दिवस ऊन असेल, तर बर्फ पडतो कधी?"

"उरलेल्या पासष्ट दिवसांत," मी म्हणालो. हे उत्तर मला तेव्हा फार हजरजबाबी वाटलं होतं.

आई यायला तयार झाली नाही. बर्फाचा वास अंगावर घेऊन घरी येणाऱ्या माणसाशी पस्तीस वर्षं संसार केला, आता आणखी बर्फ बघायला मी काही येत नाही, असं ती म्हणाली. शिवाय तिच्या गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी कोण घालणार, हाही प्रश्न होताच. बाबांनी तिला एकदाच आग्रह केला. दुसऱ्यांदा आग्रह करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

यानंतर व्हिसाचं प्रकरण आलं. दहा बोटांचे ठसे द्यायचे होते. यंत्राने माझी दहा बोटं मिनिटभरात घेतली. बाबांनी हात ठेवला आणि यंत्र "पुन्हा ठेवा, पुन्हा ठेवा" असं सांगत राहिलं. काचेपलीकडच्या साहेबांनी बाबांची बोटं उलटीसुलटी करून पाहिली. पस्तीस वर्षं मिठाच्या पाण्यात आणि बर्फात घातलेली ती बोटं गोट्यांसारखी गुळगुळीत झाली होती.

"आजोबा, ठसे कुठे गेले तुमचे?"

"बर्फात," बाबा म्हणाले.

साहेबांना वाटलं थट्टा केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते आम्ही त्या दिवशी शब्दशः केलं. साहेब म्हणाले की ठसे नसलेल्या माणसासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही, तेव्हा पंधरा दिवस बोटांना मलम लावा, पाण्यात हात घालू नका आणि झीज झाल्याचा दाखला घेऊन परत या. मी स्वतः सरकारी टेबलावर बसणारा माणूस. लोकांना 'दाखला घेऊन या' असं मी रोज सांगतो. ते ऐकणाऱ्याला कसं वाटतं, हे मला नोकरीच्या एकोणिसाव्या वर्षी समजलं.

मग पंधरा दिवस आमच्या घरी बाबांच्या बोटांची बडदास्त चालली होती. दुपारची कामं उरकली की आई त्यांच्यासमोर बसायची आणि एकेक बोट हातात घेऊन मलम चोळायची. त्यावर सुती हातमोजे. बाबा हातमोजे घालून वर्तमानपत्र समोर धरायचे आणि पान आई उलटायची. ऑफिसातून लवकर आलो की मी दारातच थोडा वेळ थांबायचो. आज त्या सगळ्या खटाटोपातलं काय आठवतं असं मला विचाराल, तर डोंगरापेक्षा जास्त ती दुपारची दोन माणसं आठवतात.

दाखल्यासाठी कारखाना गाठायचा, तर कारखाना बंद पडलेला. जुने मॅनेजर मुलीकडे राहत होते. त्यांनी ट्रंकेतून कारखान्याचा शेवटचा छापील कागद काढला आणि स्वहस्ते लिहून दिलं: "सदर इसमाच्या बोटांचे ठसे आमच्या सेवेत असताना झिजले. ते परत करणे कारखान्यास शक्य नाही." व्हिसावाल्या साहेबांनी हा कागद वाचला, उठून उभे राहिले आणि शिक्का मारला. यंत्रानेही तीन बोटं मान्य केली.

इकडे माझा सराव सुरू झाला होता. हवामानांच्या मते स्कीइंग हा सगळा तोल सांभाळण्याचा खेळ होता, आणि घरी सराव केला तर तिथे हसं होणार नव्हतं. त्यांच्या सांगण्यावरून मी जुन्या खाटेच्या दोन फळ्या पायांना बांधल्या, जिन्यासमोरच्या व्हरांड्यात अंगाला लावायची पावडर पसरली आणि स्वतःला सोडून दिलं. तोल उत्तम राहिला. थांबायचं कसं, हे मात्र हवामानांनी सांगितलं नव्हतं. मी त्यांच्याच दारावर जाऊन आदळलो, दार नुसतं लोटलेलं होतं म्हणून आत गेलो आणि त्यांच्या सौभाग्यवती भाजी निवडत होत्या तिथपर्यंत पोहोचलो. त्यांनी पाय उचलून मला पुढे जाऊ दिलं. नंतर आठवडाभर त्या मला बघितलं की पदर तोंडाला लावायच्या.

शेवटी आम्ही तिघं निघालो आणि पोहोचलो. संत्र्यांच्या बागा होत्या, माहितीपत्रकात होत्या तशाच. ऊन तर असं होतं की बसमध्ये बायकोने पंखा म्हणून माहितीपत्रकच वापरलं. बस वळणं घेत वर चढली, आणि डोंगर समोर आला. डोंगर तपकिरी होता. नखशिखांत तपकिरी. वरून खाली एकच पांढरा पट्टा ओढलेला, फळ्यावर खडूने रेघ मारावी तेवढाच.

हॉटेलच्या मुलीला मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं आणि तिने त्याहून मोडक्या इंग्रजीत हसतमुखाने सांगितलं की यंदा वरून एक कणही पडलेला नाही, पण काळजी नको, आमच्याकडे यंत्रं आहेत. पहाटेच्या गारठ्यात ती तळ्यातलं पाणी हवेत फवारतात, त्याचा बर्फ होऊन खाली पडतो. पूर्ण पट्टा ताजा, कालच बनवलेला. 'बनवलेला' हा शब्द माझ्या कानात बराच वेळ वाजत राहिला. पस्तीस वर्षं बर्फ बनवणाऱ्या माणसाला मी समुद्र ओलांडून, बोटं चोळून, दाखले गोळा करून बर्फाच्या दुसऱ्या कारखान्यात घेऊन आलो होतो.

मी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं. ती 'मी म्हटलं नव्हतं' असं म्हणाली नाही, हे तिचे उपकार मी विसरणार नाही. आम्ही ठरवलं की बाबांना कळू द्यायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. चार दिवसांचा तर प्रश्न होता.

बाबा पट्ट्याच्या कडेला गेले, खाली वाकले आणि चिमूटभर बर्फ उचलला. तळहातावर घेऊन अंगठ्याने पसरला. कानाशी नेऊन दाबला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "छान आहे." मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

"ते मोठे पंखे कसले रे?" त्यांनी विचारलं. पट्ट्याच्या कडेने ती यंत्रं ओळीने उभी होती.

"लोकांना गरम होतं ना उन्हात," मी म्हणालो, "त्यांना वारा घालायला."

"असं होय. आणि पाइप?"

"आग लागली तर."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "काळजी घेतलेली बरी."

अमोनियाच्या पाइपांशी आयुष्य काढलेल्या माणसाला मी हे सांगत होतो आणि तो मान डोलावत होता. आपण इतकं सफाईने खोटं बोलू शकतो, याचा मला त्या संध्याकाळी चक्क अभिमान वाटला. बाबा तेव्हा हॉटेलच्या फोनवर आईशी बोलत होते, माझ्याकडे पाठ करून आणि हळू आवाजात. इतकी वर्षं झाली, पण फोनवर लाजण्याची त्यांची सवय गेली नाही, असं मी बायकोला म्हणालो.

शिकवणीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर सांगण्यासारखं त्यात माझ्या बाजूने काही नाही. मला सहा-सात वर्षांच्या मुलांच्या वर्गात टाकलं. ती मुलं मी पडलो की रांगेत थांबायची, आणि मी उठलो की शिक्षिकेसकट टाळ्या वाजवायची. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मी शिक्षिकेला डोंगर तिरका असल्याचं सांगितलं आणि तिने ते मान्य केलं. बायको दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्यांच्या वर्गात गेली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टने थेट वर जाऊन हात हलवत माझ्या शेजारून खाली गेली. तिच्या अंगावर अर्ध्या बाह्यांचा सदरा होता.

बाबा खाली उन्हात खुर्ची टाकून बसायचे. छाती एकदाही कुरकुरली नाही, त्या बाबतीत डॉक्टरांची चिठ्ठी अक्षरशः खरी ठरली. खोकला औषधालाही नव्हता. मी लोळत, घरंगळत त्यांच्यापर्यंत पोहोचलो की ते मला उठायला हात द्यायचे आणि "कालच्यापेक्षा बरं" म्हणायचे. पहाटे मात्र ते खोलीत नसत. विचारलं तर म्हणायचे, जरा फिरून आलो, आतल्या आत. एकदा त्यांच्या स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. तोंड धुतलं असेल, असं मी समजलो.

निघायच्या दिवशी बसजवळ त्यांच्याच वयाचा एक माणूस आला. निळा डगला, हातांना ग्रीस. तो आणि बाबा, दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी दोघं बराच वेळ बोलले. मग त्या माणसाने खिशातून नळीला बसवायचं, बारीक भोकांचं एक पितळी तोंड काढलं, ते पुसलं आणि बाबांच्या हातात दिलं. बाबांनी स्वतःचा मफलर काढून त्याच्या गळ्यात घातला. बसमध्ये मी विचारलं, कोण होता. बाबा म्हणाले, सकाळी फिरताना ओळख झाली, माळी आहे बहुतेक. विमानतळावर तपासणीवाल्याने ती पितळी वस्तू वर धरून मला विचारलं हे काय आहे. मी छाती फुगवून सांगितलं, झाडांना पाणी घालायचं. पाणीपुरवठ्यात एकोणीस वर्षं काढलेला माणूस मी, माझ्या शब्दावर शंका कोण घेणार?

घरी आल्यावर बाबांनी ते तोंड रबरी नळीला बसवलं आणि आईच्या कुंड्यांना त्याने पाणी घालू लागले. त्यातून पाणी असं बारीक निघायचं की गॅलरीत धुकं पडल्यासारखं व्हायचं. गल्लीत कुणी सहलीचं विचारलं की ते सांगायचे, "पोराने अस्सल बर्फ दाखवला." हवामानांना तर त्यांनी दोनदा सांगितलं. आपण एक मूठ शेवटपर्यंत झाकून ठेवली, या समाधानात मी पुढची सात वर्षं काढली. आठव्या वर्षी बाबा गेले.

गेल्या उन्हाळ्यात मी आईच्या गॅलरीत बसलो होतो. ती नळी घेऊन कुंड्यांना पाणी घालत होती. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "आई, एक सांगायचं होतं. तो बर्फ खरा नव्हता. यंत्राने बनवलेला होता. मी बाबांना कळू दिलं नाही."

आईने पाणी बंद केलं नाही. "मला माहितीये," ती म्हणाली. "पहिल्याच फोनवर सांगितलं होतं त्यांनी. म्हणाले, अगं, दाणा बघितल्याबरोबर कळलं, इथला बर्फही आपल्यासारखाच, कारखान्यातला आहे. पण पोरगा जिवाचं रान करून ते माझ्यापासून लपवतोय. तू त्याला कधी काही बोलू नकोस."

मग पहाटेचं फिरणं, ओल्या बाह्या, तो माळी, सगळं एका दमात माझ्यासमोर उभं राहिलं. बाबा रोज पहाटे त्या यंत्रांच्या पंपघरात जात होते, हेही आईनेच सांगितलं. एका यंत्राचं तोंड सारखं तुंबत होतं, ते त्यांनी त्या माणसाला मोकळं करून दिलं होतं, आणि मी झाडांना पाणी घालायचं म्हणून विमानतळावर छाती फुगवली ते तोंड तेच. बायकोला हाक मारून विचारलं, तर तिने तिसऱ्याच दिवशी वरून येताना बाबांना पंपघराच्या दारात पाना घेऊन उभं असलेलं पाहिलं होतं. तेव्हा घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं. आठ वर्षं फक्त माझ्यापासून ते जपून ठेवलेलं होतं.

"त्यांना वाईट वाटलं का गं?" मी विचारलं. मला दुसरं काही विचारायचं नव्हतंच.

आईने नळी पुढच्या कुंडीकडे वळवली. "पहिल्या दिवशी वाटलं असणार. आवाज उतरला होता. दुसऱ्या दिवशी मात्र फोनवर हसत होते. म्हणाले, आपण बनवलेला बर्फ जन्मभर मासळीवर आणि मढ्यांवर गेला. इथे लोक त्याच्यावर हसत-खेळत घसरतायत, लहान पोरं टाळ्या वाजवतायत. आपला पोरगा तर दिवसभर लोळतोय त्याच्यात."

मी नळी तिच्या हातातून घेतली आणि उगाच तोंड वर करून धरली. पाणी बारीक होऊन हवेत गेलं, उन्हात चमकलं आणि आम्हा दोघांच्या डोक्यावर पडलं. आईने डोळे मिटून घेतले, पण ती बाजूला सरकली नाही.

"तेही असंच धरायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, बाकी सगळं तय्यार आहे, थंडी तेवढी कमी पडते."